कादंबरीतला जमाखर्च गाळू नका

जॉर्ज एलियटच्या ‘मिडलमार्च’ (1871-72) या कादंबरीत फ्रेड व्हिन्सी नावाचा तरुण गार्थ कुटुंबाच्या घरी वाईट बातमी घेऊन येतो. मिसेस गार्थ स्वयंपाकघरात पायसाठी पीठ लाटत असतात आणि लाटता लाटताच दोन धाकट्या मुलांकडून व्याकरणाचा धडा म्हणून घेत असतात. फ्रेडनं एका घोडेव्यापाऱ्याला 160 पौंडांची हुंडी लिहून दिलेली असते आणि तिच्यावर केलेब गार्थनी भिडेखातर जामिनाची सही केलेली असते. मुदत भरत आली आहे आणि फ्रेडकडे उरलेत 50 पौंड. मुळात 80 होते. ते वाढवायला तो घोड्यांच्या बाजारात गेला, आपला घोडा आणि वर 30 पौंड देऊन नवा घोडा घेऊन आला. त्या घोड्यानं तबेल्यात लाथा झाडल्या आणि स्वतःचाच पाय जायबंदी करून घेतला. आता उरलेले 110 पौंड जामिनानं भरायचे.

मिसेस गार्थ शांतपणे सांगतात की त्यांच्याजवळ 92 पौंड आहेत. चार वर्षं शिकवण्या करून त्यांनी ते साठवले होते, आल्फ्रेड या मुलाला धंदा शिकायला ठेवण्यासाठी. बाकीचे 18 पौंड मेरी या मुलीच्या पगारातून येतात. तिच्याजवळ 24 पौंडांच्या वर शिल्लक असते. बाबा मागायला येणार हे ओळखून तिनं पैसे आधीच पिशवीत आणून ठेवलेले असतात. केलेब 18 मोजून घेतात आणि बाकीचे परत आत ठेवायला सांगतात.

50, 92 आणि 18. बेरीज नेमकी 160 होते, कारण लेखिकेनं ती जुळवून लिहिली आहे. 92 पौंडांना चार वर्षांनी भागलं की वर्षाला 23 पौंड येतात, म्हणजे आठवड्याला नऊ शिलिंगही नाहीत. एका बाईनं स्वयंपाक करता करता मुलं शिकवून आठवड्याला नऊ शिलिंगांच्या आतबाहेर बाजूला टाकले आणि ते एका सुखवस्तू घरच्या पोरानं घोड्याच्या पायाखाली घातले. फ्रेड वाईट नाही, लाघवी आहे. मेरीवर त्याचं प्रेम आहे. म्हणूनच हा आकडा इतका बोचतो. त्या दिवसापर्यंत गार्थ कुटुंबाला काय भोगावं लागेल हे त्याच्या मनात आलेलंच नसतं. त्याला वाईट वाटत असतं ते स्वतःची पत जाईल याचं.

हेच प्रकरण संक्षिप्त आवृत्तीत ‘फ्रेडच्या बेफिकिरीमुळे गार्थ कुटुंब अडचणीत आलं’ एवढ्या एका वाक्यावर येतं. वाक्य खोटं नाही, पण त्यात कादंबरी उरलेली नसते. व्हिक्टोरियन कादंबरी आपल्याकडे येते ती बहुतेक अशीच: शाळेसाठी कापलेली, परीक्षेसाठी ‘कॅरेक्टर स्केच’ आणि ‘थीम’ यांत वाटलेली, नाहीतर पडद्यावरच्या झगमगीत झग्यांमधली. कापणाऱ्याची कात्री पहिल्यांदा पडते ती पगार, व्याज, मृत्युपत्र, गहाणखत आणि घरभाडं यांच्यावर. हा मजकूर रुक्ष आहे आणि माणसांच्या भावना तेवढ्या कायमच्या, असा त्यामागचा समज असतो. आमचं म्हणणं नेमकं उलट आहे. या कादंबऱ्यांत भावना आकड्यांच्या आत राहते. आकडा गाळला तर हाती राहतात चांगली माणसं आणि वाईट माणसं, आणि ती तर कुठल्याही गोष्टीत सापडतात. म्हणून अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनी, अनुवादकांनी आणि संक्षेप करणाऱ्यांनी हा जमाखर्च जागेवर ठेवला पाहिजे. तो समजावा म्हणून जी चार पानांची तयारी लागते, ती पुस्तकाच्या सुरुवातीला दिली पाहिजे.

ही तयारी अवघड नाही. 12 पेन्सचा एक शिलिंग, 20 शिलिंगांचा एक पौंड आणि 21 शिलिंगांची एक गिनी. गिनीचं नाणं व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या कितीतरी आधी पाडायचं बंद झालं होतं, पण डॉक्टर, वकील, चित्रकार यांची फी गिनीतच सांगायची रीत टिकून राहिली. मजुराला शिलिंग आणि वकिलाला गिनी. त्यामुळे पात्राच्या तोंडी कुठलं नाणं येतं त्यावरून तो माणूस कोणत्या ओसरीवर बसणारा आहे ते कळतं. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘रुपये’ लिहिलं की हा फरक पुसला जातो. नाण्यांची नावं तशीच ठेवावीत. मराठी वाचकानं आणे-पैची कादंबरी वाचलेली असते, शिलिंगानं तो दचकत नाही.

दुसरी चूक जास्त होते आणि ती चांगल्या हेतूनं होते. तळटीप देणारा पौंडांचे आजचे रुपये करून देतो. ते करू नये. त्या काळी कुठली वस्तू स्वस्त आणि कुठली महाग याचं गणितच वेगळं होतं. माणसाची मेहनत मातीमोल होती, नवी कादंबरी मात्र चैनीची वस्तू होती. तीन खंडांतल्या नव्या कादंबरीची किंमत 31 शिलिंग 6 पेन्स. वर्षाला दहा पौंड मिळवणाऱ्या मोलकरणीला तेवढ्यासाठी आठ आठवडे राबावं लागलं असतं. एकच गुणक लावून दोन्हींचे रुपये केले तर एक आकडा हास्यास्पद होतो आणि दुसरा दिशाभूल करतो. मोजायला पट्टी लागते ती त्याच काळातली.

अशी पट्टी तयार आहे. इझाबेला बीटनच्या 1861 च्या गृहव्यवस्थापनाच्या पुस्तकात कोणत्या मिळकतीच्या घरानं किती नोकर ठेवावेत याचा हिशेब दिला आहे. वर्षाला 150-200 पौंड असतील तर सगळी कामं करणारी एक मोलकरीण. 300 असतील तर जोडीला मुलं सांभाळणारी. 500 असतील तर स्वयंपाकीण, घरकाम करणारी आणि मुलं सांभाळणारी अशा तिघी. 1000 च्या आसपास पोचलात की पाच माणसं आणि त्यांत एक पुरुष नोकर. त्याच पुस्तकात पगारही आहेत: चहा, साखर, बिअर यांचा भत्ता नसेल तर सर्वकामी मोलकरणीला वर्षाला 9 ते 14 पौंड, स्वयंपाकिणीला 14 ते 30. हा तक्ता शेजारी ठेवला की कादंबरीतलं कुठलंही घर दोन मिनिटांत जागेवर बसतं. लेखकानं ‘अमक्याला वर्षाला चारशे’ असं म्हटलं तर त्या काळच्या वाचकाला दाराची घंटा वाजल्यावर दार कोण उघडेल हे लगेच दिसत असे.

एक आकडा आणखी हवा, तीन टक्के. सरकारी कर्जरोख्यांवर साधारण एवढं व्याज मिळे आणि ‘बसून खाणारं’ घर बहुतेक त्याच व्याजावर चाले. म्हणून कादंबरीत भांडवलाचा आकडा आला की त्याला तीनानं गुणून शंभरानं भागायचं. हुंडा, वारसा, विधवेची तरतूद, सगळं या एका गुणाकारानं उलगडतं.

ही पट्टी ‘जेन एअर’वर (1847) तपासून पाहावी. लोवुडच्या शाळेत शिक्षिका म्हणून जेनला वर्षाला 15 पौंड मिळतात. थॉर्नफील्डला गव्हर्नेस, म्हणजे घरात राहून मुलांना शिकवणारी शिक्षिका, होते तेव्हा दुप्पट, 30. म्हणजे पगारात ती चांगल्या स्वयंपाकिणीच्या पंक्तीला येते. शिक्षण मात्र मालकिणीच्या बरोबरीचं. तिनं जेवायचं कुणाबरोबर हा प्रश्न कादंबरीभर सुटत नाही, त्याचं मूळ या 30 पौंडांत आहे. मराठीत कुणी गव्हर्नेसला ‘दाई’ किंवा ‘आया’ केलं की प्रश्नच संपतो आणि त्याबरोबर जेनचा ताठरपणाही निराधार वाटायला लागतो. पुढं तिला काकाकडून 20,000 पौंड मिळतात. ते ती चौघांत सारखे वाटते, प्रत्येकी 5,000. तीन टक्क्यांनी वर्षाला दीडशे पौंड, म्हणजे हात न हलवता गव्हर्नेसच्या पगाराच्या पाचपट. एक मोलकरीण ठेवून स्वतंत्र राहण्याची ही बरोबर खालची पायरी. शार्लट ब्रॉन्टीनं हा भागाकार उगाच केलेला नाही. जेन श्रीमंत होऊन थॉर्नफील्डच्या मालकाकडे, रोचेस्टरकडे, परतत नाही. कुणावर अवलंबून राहावं लागणार नाही एवढी मोकळी होऊन ती परतते आणि ‘एवढी’ म्हणजे किती, ते लेखिका आकड्यात सांगते.

याच कादंबरीत मराठी अनुवादाला एक वरदान आहे, ते फुकट घालवू नये. इंग्रजीतल्या ‘आंट’ आणि ‘कझिन’ या शब्दांत नातं अर्धं झाकलेलं राहतं. मराठीत ते उघडावंच लागतं. जेनला छळणाऱ्या मिसेस रीड तिच्या आईच्या भावाची बायको, म्हणजे मामी. रक्ताचं नातं नाही, आणि नवऱ्यानं मरताना घेतलेल्या वचनापायी नणंदेची पोर गळ्यात पडली आहे. ‘मामी’ हा एकच शब्द जे सांगतो, त्याला इंग्रजी वाचकाला पान खर्चावं लागतं. सेंट जॉन रिव्हर्सची आई जेनच्या वडिलांची बहीण होती, म्हणजे तो जेनचा आतेभाऊ आणि जेन त्याच्या मामाची मुलगी. मदीरातला श्रीमंत जॉन एअर जेनचा काका आणि सेंट जॉनचा मामा. या मामानं बहिणीच्या तिन्ही मुलांना मिळून 30 गिनी ठेवल्या, सुतकाच्या अंगठ्या करण्यासाठी, आणि बाकी सगळं भावाच्या मुलीला दिलं. जुनं भांडण होतं: त्याच्या सल्ल्यानं गुंतवलेल्या पैशात मेहुण्याचं दिवाळं निघालं होतं. ‘कझिन’चं सरसकट ‘चुलत भाऊ’ करणारा अनुवाद या सगळ्यावर पाणी ओततो.

‘वुदरिंग हाइट्स’मध्ये (1847) तर नाती लावल्याशिवाय हीथक्लिफची चाल कळतच नाही. धाकट्या कॅथीचं पहिलं लग्न आतेभावाशी होतं, लिंटन हीथक्लिफशी, आणि दुसरं जमतं मामेभावाशी, हेअरटनशी. हीथक्लिफला कॅथीच्या वडिलांची जमीन हवी असते आणि तिच्या आईकडचं घर तर त्यानं आधीच गिळलेलं असतं. वुदरिंग हाइट्स त्यानं गहाणखतातून मिळवलं: कॅथीचा मामा हिंडली जुगारात हरत गेला, जमीन गहाण टाकत गेला आणि सावकार हीथक्लिफ होता. थ्रशक्रॉस ग्रेंज मात्र असं मिळण्यासारखं नव्हतं. कॅथीच्या आजोबांनी, म्हाताऱ्या लिंटननं, बांधून दिलेल्या व्यवस्थेत ते तिच्या वडिलांना, एडगरला, मुलगा नसेल तर त्याच्या मुलीऐवजी बहिणीच्या मुलाकडे जाणार होतं. बहिणीचा मुलगा म्हणजे हीथक्लिफचाच पोरगा, रोगट, फार दिवस न जगणारा. तो मरायच्या आत त्याचं कॅथीशी लग्न लावायचं, म्हणजे कॅथीचा रोख पैसा नवरा म्हणून त्याच्या नावावर येतो आणि त्याच्या मृत्युपत्रातून बापाकडे.

एडगरला हे मरणशय्येवर उमगतं. कॅथीचा पैसा विश्वस्तांच्या हाती बांधून टाकायचा, म्हणजे नवऱ्याचा हात पोचणार नाही, असं तो ठरवतो आणि वकिलाला बोलावणं धाडतो. वकील ग्रीन हीथक्लिफनं फोडलेला असतो. तो उगवतो तोवर एडगर गेलेला असतो. प्रेतासमोर येऊन नोकरांना काढून टाकायच्या गोष्टी बोलणारा हा वकील चित्रपटातून आणि संक्षेपातून सहसा गळतो, आणि तो गळला की उरते माळावरची वादळी प्रेमकथा. एमिली ब्रॉन्टीनं सूडाची कथा कायद्याच्या अचूक पायावर उभी केली आहे. तिचा खलनायक भूत नाही. त्याला गहाणखत वाचता येतं आणि थांबता येतं.

विश्वस्तांची ती युक्ती नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर फिरतं. इंग्लंडच्या सर्वसाधारण कायद्यात लग्न झालं की बायकोला वेगळं कायदेशीर अस्तित्व उरत नसे. तिचे दागिने, रोख रक्कम, तिची कमाई नवऱ्याची होई. श्रीमंत बाप यातून वाट काढत. लग्नाआधी करारनामा करून मुलीचा पैसा विश्वस्तांकडे ठेवत. त्याला वकील आणि बऱ्यापैकी रक्कम लागे, म्हणून ही ढाल वरच्या वर्गापुरतीच होती. शिकवण्या करणारी, शिवणकाम करणारी, गिरणीत जाणारी बाई उघड्यावरच होती. 1870 च्या कायद्यानं बायकोची स्वतःची कमाई तिची ठरवली आणि 1882 च्या कायद्यानं, जो 1 जानेवारी 1883 पासून लागू झाला, सगळीच मालमत्ता तिच्या नावावर राहू लागली.

या तारखा माहीत असल्या की ॲन ब्रॉन्टीची ‘द टेनंट ऑफ वाइल्डफेल हॉल’ (1848) अंगावर येते. हेलनचा नवरा दारुडा, बाहेरख्याली, आणि आता लहान मुलालाही दारू शिकवतो आहे. चित्रं विकून पोट भरायचं आणि मुलाला घेऊन निघून जायचं असा तिचा बेत असतो. नवरा तिची दैनंदिनी वाचतो. तिच्याकडून किल्ल्या घेतो, कपाटातले पैसे आणि दागिने काढून घेतो. घरातल्या ग्रंथालयात जाऊन तिचे रंग, रंगपाटी, कुंचले, व्हार्निश एकेक करून चुलाण्यात टाकतो. तेल आणि टर्पेंटाइन पडल्यावर ज्वाळा धुराड्यात घुमत वर जातात. हा प्रसंग ‘क्रूर नवरा’ म्हणून वाचता येतो आणि बहुधा तसाच वाचला जातो. पण त्या खोलीत त्यानं कायद्याविरुद्ध काहीच केलेलं नाही. रंग त्याचे, कुंचले त्याचे, ती काढणार असलेल्या चित्रांचे पैसेही त्याचेच असते. पुढं ती पळून जाते तेव्हा गुन्हेगारासारखी वागते: नाव बदलते, चित्राखाली खोटी आद्याक्षरं घालते आणि वाइल्डफेल हॉलच्या चित्राला कंबरलंडमधल्या कुठल्याशा वाड्याचं नाव देते, माग लागू नये म्हणून. मुलावरही हक्क बापाचा. 1839 च्या कायद्यानं आईला सात वर्षांखालच्या मुलाचा ताबा न्यायालयाकडे मागण्याची मुभा तेवढी दिली होती. हे माहीत नसलेल्या विद्यार्थ्याला हेलन अकारण गूढ वाटते आणि गावकऱ्यांच्या कुजबुजीला तोही मनातून सामील होतो.

घटस्फोटाचं तर दरपत्रकच डिकन्सनं ‘हार्ड टाइम्स’मध्ये (1854) मांडलं आहे. स्टीफन ब्लॅकपूल हा गिरणी कामगार मालकाला विचारतो: बायको दारूच्या पार आहारी गेली आहे, मला सुटका करून घेता येईल का? मालक बाउंडरबी सांगतो, कायदा आहे, पण अमक्या न्यायालयात जा, मग तमक्या, मग संसदेत खास कायदा मंजूर करून आण. खर्च हजार ते दीड हजार पौंड, कदाचित त्याच्या दुप्पट. स्टीफन विचारतो, दुसरा काही कायदा नाही? नाही. तीन वर्षांनी, 1857 मध्ये, घटस्फोटासाठी दिवाणी न्यायालय आलं. तिथंही नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करणं पुरे होतं, बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग असं आणखी काही दाखवावं लागे. वेड हे कारण 1937 पर्यंत चाललं नाही. ‘जेन एअर’मधल्या रोचेस्टरनं वेड्या बायकोला, बर्थाला, माळ्यावर कोंडलं ते चूकच, पण दुसरं लग्न करण्याची कायदेशीर वाट त्याला कुठलीच नव्हती. मुळात तो त्या लग्नात पडला तोही हिशेबानंच. बापाला इस्टेटीचे तुकडे करायचे नव्हते, ती थोरल्या मुलाला दिली आणि धाकट्यासाठी जमैकातली 30,000 पौंड हुंड्याची मुलगी पाहिली.

‘परक्या देशातला जुना कायदा आमच्या मुलांनी कशाला घोकायचा?’ हा आक्षेप येतो. घोकू नये. पण तो कायदा परकाच राहिला असंही नाही. पतीनं पत्नीला नांदायला पाठवण्याचा दावा लावायचा, हा उपाय इंग्लंडच्या धर्मन्यायालयांतून निघून मुंबईच्या उच्च न्यायालयात येऊन बसला. 1884 मध्ये दादाजी भिकाजीनं रखमाबाईंवर तो दावा लावला. 1885 मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला आणि या दाव्याला हिंदू धर्मशास्त्रात आधार नाही, तो इंग्लंडमधून आला आहे, हे स्पष्ट म्हटलं. अपिलानंतर 1887 मध्ये निकाल फिरला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. 1888 मध्ये 2,000 रुपयांवर तडजोड झाली. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की अशा हुकमासाठी तुरुंगात टाकण्याची तरतूद इंग्लंडनं स्वतःच्या बायकांसाठी 1884 मध्येच काढून टाकली होती. हेलनची कहाणी आणि रखमाबाईंची कहाणी एकाच कायद्याच्या दोन टोकांवर उभ्या आहेत. महाराष्ट्रातल्या वर्गात हे शेजारी ठेवून शिकवलं नाही, तर कुठं शिकवणार?

दुसरा आक्षेप शिक्षकांचा आहे आणि तो मनापासूनचा आहे: मुलांना आधीच भाषा जड जाते, त्यात आकडे आले तर ती पुस्तक मिटतील. यावर उत्तर असं की मुलांचं पुस्तक गाइडनं आधीच मिटलेलं आहे. आकडा हा उलट हाताला लागणारा टेकू आहे. वाक्य सगळं कळलं नाही तरी 92 आणि 18 कळतात. वर्गात फळ्यावर तीन रकाने पाडावेत: पात्र, मिळकत, ती कुठून येते. प्रत्येक प्रकरणानंतर ते भरत जावेत. तिसरा रकाना भरताना अडखळायला होतं आणि तिथंच कादंबरी उघडते. हीथक्लिफ तीन वर्षं कुठं होता आणि पैसा कुठून आणला? पुस्तक सांगत नाही, रकाना रिकामा राहतो, आणि ते रिकामपण मुलांच्या लक्षात येतं. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ वाचताना आपल्याला सोवळं, माहेर, केशवपन यांची टीप लागत नाही. लंडनच्या वाचकाला लागेल आणि ती दिली नाही तर त्याला यमुना फक्त दुबळी वाटेल. आपण त्याच्याकडून जी तसदी अपेक्षू, तीच इथं आपण घ्यायची.

अर्थात सगळीकडे सारखा भार नको. नाचगाण्याचे शिष्टाचार, कार्ड ठेवण्याच्या रीती यांवर टिपा खर्चू नयेत. टीप लागते ती जिथं माणसाचं नशीब फिरतं तिथं. उदाहरणार्थ एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘क्रॅनफर्ड’मधलं (1851-53) कापडदुकान. मिस मॅटी नव्या रेशमी झग्यासाठी पाच सोन्याच्या मोहरा घेऊन आली आहे. शेजारी एक शेतकरी शाल घेतो आहे आणि त्याची पाच पौंडांची नोट दुकानदार नाकारतो, कारण ती ज्या बँकेची आहे ती बुडणार अशी कुणकुण आहे. मिस मॅटी त्या बँकेची भागधारक. ती शेतकऱ्याची नोट घेते आणि आपल्या पाच मोहरा त्याच्या हातात ठेवते. भोळेपणा म्हणून हसून पुढं जाण्यासारखी ही जागा नाही. भागधारकाची जबाबदारी मर्यादित करणारा कायदा 1855 चा, आणि बँकांपर्यंत ती सवलत पोचली 1858 मध्ये. त्याआधी बँक बुडाली की देणं भागधारकाच्या घरादारापर्यंत येई. मिस मॅटी कायद्याच्या भाषेत बोलत नाही, पण बँकेचं देणं ते आपलं देणं हे तिनं बरोबर ओळखलेलं असतं. बँक बुडते, तिचं वर्षाचं जवळजवळ दीडशे पौंडांचं उत्पन्न जातं, हाती उरतात 13 पौंड. मोलकरणीचा पगार. मग ती घरातच चहा विकायला बसते आणि तिची मोलकरीण मार्था तिला सोडून जायला नकार देते.

मार्थापाशी मात्र या कादंबऱ्यांना एक खरा प्रश्न विचारला पाहिजे. मालकिणीचा जमाखर्च पेनीपर्यंत मिळतो, मार्थाचा का नाही? 1851 च्या खानेसुमारीत ब्रिटनमध्ये घरगुती नोकरांची संख्या दहा लाखांच्या वर होती, तरी कादंबरीत ती माणसं चहा घेऊन येतात आणि दार लोटून जातात. थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये (1847-48) रॅगल्स हा जुना बटलर आयुष्यभराच्या बचतीतून आणि फळभाजीच्या दुकानातून कर्झन स्ट्रीटवर एक घर घेतो. तेच घर बेकी आणि रॉडन भाड्यानं घेतात, भाडं देत नाहीत, आणि रॅगल्स देशोधडीला लागतो. थॅकरेनं हे लिहिलं हे त्याचं मोठेपण, पण लिहिलं ते काही परिच्छेदांत. याचं एक कारण पुस्तकाच्या किमतीतच आहे. 31 शिलिंग 6 पेन्सची कादंबरी फार थोडे विकत घेत. बाकीचे वर्षाला एक गिनी भरून म्युडीच्या ग्रंथालयातून आणत. ज्या घरात वर्गणी भरली जाई, त्या घराच्या दिवाणखान्याला झेपेल तेवढंच स्वयंपाकघर कादंबरीत येई.

तीन खंडांची ही पद्धत 1894 मध्ये कोसळली आणि त्याच वर्षी जॉर्ज मूरची ‘एस्थर वॉटर्स’ एका खंडात आली. तिची नायिका मोलकरीण आहे आणि हिशेब शेवटी तिच्या बाजूनं मांडला आहे. एस्थर लग्नाशिवाय आई होते, नोकरी जाते. श्रीमंत घरच्या बाळाला पाजण्यासाठी ती दूधआई म्हणून राहते, आठवड्याला 15 शिलिंगांवर. स्वतःचं बाळ एका बाईकडे सांभाळायला ठेवते, आठवड्याला 5 शिलिंग देऊन. मालकीण तिला बाळाला भेटायला जाऊ देत नाही, आजार घरात येईल म्हणून. आधीच्या दोन दूधआयांची बाळं दगावली होती हे एस्थरला कळतं. ती धडपडत त्या सांभाळणाऱ्या बाईकडे पोचते तेव्हा बाई तिच्यासमोर सरळ भाव ठेवते: पाच पौंड एकदाच दे, मग तुला मुलाची काळजी करायला नको. पाच पौंड म्हणजे शंभर शिलिंग, एस्थरची जवळजवळ सात आठवड्यांची कमाई. ती मुलाला उचलते, 15 शिलिंगांची नोकरी सोडते आणि शेवटी वर्कहाउसच्या, म्हणजे निराधारांच्या सरकारी आश्रयगृहाच्या, दाराशी जाऊन उभी राहते.